पुस्तकांची अदलाबदल आणि प्रायोगिक संगीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय महोदय,

प्रायोगिक संगीतावरच्या माझ्या लेखनावरची आपली प्रतिक्रिया मी सावकाशपणे वाचली. अमेरिकन प्रायोगिक संगीतकार जॉन केजच्या लेखांचा महागडा संग्रह देऊन मी एका भजनी मंडळाची फाटकी वही घेतली, हा व्यवहार आपल्याला पुस्तकाचा अवमान वाटला आहे. रागसंगीताची एवढी थोर परंपरा असताना परदेशी गोंगाटावर मराठीत लिहिणे आपल्याला व्यर्थ वाटते. आणि ज्या सोलापुरात मागांच्या आवाजाने विणकरांचे कान गेले, तिथे त्या आवाजाचा उल्लेख संगीताच्या लेखात करणे आपल्याला निष्ठुरपणाचे वाटते.

ती वही मी का घेतली ते आधी सांगतो. तीत अभंग आहेत, सोलापूरच्या पूर्व भागात गायली जाणारी काही तेलुगू पदे आहेत, आणि चाल कुठे बदलायची, पखवाज कुठे थांबवायचा, टाळ दुपटीत कुठून घ्यायचे याच्या पेन्सिलीच्या खुणा समासात आहेत. काही ओळींपुढे केवळ ‘रंगेल तोवर’ एवढेच लिहिलेले आहे. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्या १९६४ मधल्या ‘इन सी’ या रचनेत ५३ छोटे स्वरसमूह आहेत. प्रत्येक वादकाने ते क्रमाने वाजवायचे, मात्र कोणता समूह किती वेळा घोळवायचा हे इतरांकडे कान ठेवून त्याने स्वतःच ठरवायचे. ही मुभा तिकडच्या लिखित संगीतात एवढी नवी होती की तिची चर्चा आजही होते. आपल्या भजनात ती इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याविषयी कुणी लिहीत नाही. रायलींवर मराठीत लिहिताना मला जे शब्द सापडत नव्हते ते या वहीने दिले, आणि म्हणून तिची किंमत त्या संग्रहाच्या छापील किमतीशी ताडून पाहणे मला मान्य नाही.

अदलाबदल आणि लेखन ही दोन वेगळी कामे आहेत, असे आपण गृहीत धरले आहे. माझ्या दृष्टीने ती एकच आहेत, आणि खुद्द केज यांच्या आयुष्यात याचा आधार आहे. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्त्य संगीताच्या प्रभावामुळे भारतीय संगीताचे काय होईल, या काळजीपोटीच त्यांना पाश्चात्त्य संगीत समजून घ्यायचे होते. शिकवणीचे किती घ्याल, असे त्यांनी विचारले तेव्हा केज यांनी पैसे न घेता त्या बदल्यात भारतीय संगीत शिकवण्याची विनंती केली. सुमारे सहा महिने हे दोघे जवळजवळ रोज भेटत राहिले, आणि निघताना गीताबेनांनी त्यांना रामकृष्ण परमहंसांच्या संवादांचा इंग्रजी ग्रंथ भेट दिला, जो वाचून संपवायला केज यांना वर्ष लागले. पुढे भारतीय रसकल्पनेचा आधार घेऊन त्यांनी पियानोसाठी सोनाटा नावाच्या वाद्यरचना लिहिल्या. पखवाज वाजवणाऱ्या एका भारतीय स्त्रीने दिलेले ज्ञान आणि पुस्तक ज्या संगीताच्या मुळाशी आहे, त्याला निव्वळ परदेशी म्हणणे मला पटत नाही.

शिवाय १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मोग सिंथेसायझर हे विजेवर ध्वनी निर्माण करणारे वाद्य बसवले, आणि तिथे गीताबेनांसह अनेक भारतीयांनी विद्युत्‌ध्वनीच्या रचना केल्या. त्या रचनांच्या ध्वनिफिती काही दशके संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. आपल्याच देशातल्या या कामाविषयी मराठीत किती लिहिले गेले आहे, याचा आपण अवश्य विचार करावा.

मागांविषयीचा आपला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि वर्षानुवर्षे तो सोसणाऱ्या माणसाची श्रवणशक्ती कायमची जाते; आमच्या घरातल्या ज्येष्ठांशी मी आजही मोठ्याने बोलतो. तो आवाज मधुर आहे असे मी लिहिलेले नाही. मी लिहिले ते इतकेच, की शेजारशेजारचे दोन माग किंचित वेगळ्या गतीने चालू असले की त्यांचे ठोके आधी जुळतात, मग हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि काही वेळाने पुन्हा जुळतात. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइख यांनी १९६५ मध्ये एकाच उपदेशकाच्या आवाजाच्या दोन ध्वनिफिती एकत्र वाजवून जे घडवले ते नेमके हेच आहे. राइख यांची ती रचना ऐकणारा माणूस हवे तेव्हा यंत्र बंद करू शकतो; पाळीवरच्या विणकराला ती सोय नसते, आणि हा फरक मी कधीही पुसू देणार नाही. परंतु ठोक्यांचे ते सरकणे विणकराच्या कानाला कोणत्याही समीक्षकाच्या आधी कळते, माग बिघडू लागला आहे हे तो त्यावरूनच ओळखतो. त्याच्या या श्रवणाची नोंद संगीताच्या लेखनात नसावी, असे मला वाटत नाही.

राहिला प्रश्न पुस्तकाचा. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था गावात असल्याने मराठी ग्रंथांची आपल्याकडे वाण नाही, पण या विषयावरची पुस्तके बहुधा परदेशी विद्यापीठे छापतात आणि ती विकत घेणे थोड्यांनाच परवडते. म्हणून माझ्याकडची प्रत कपाटात राहण्यापेक्षा फिरत राहावी, अशी माझी इच्छा आहे. केजचा संग्रह सध्या एका पेटीवादकाकडे आहे आणि त्यांचे वाचून झाल्यावर तो मागेल त्याला मिळेल. आपल्याजवळ घराण्यांच्या गायकीवरची जुनी पुस्तके आहेत, असे आपण लिहिले आहे. त्यांतले एखादे देऊन तो संग्रह आपण न्यावा, आणि वाचल्यानंतरही आपला विरोध कायम राहिला तर तो सविस्तर लिहून पाठवावा. मी तो एक अक्षरही न गाळता माझ्या संकेतस्थळावर स्वतंत्र लेख म्हणून प्रसिद्ध करीन.