हजूर साहिबवाले

दिवाळीनंतर पंजाबातल्या आनंदपूर साहिबला जाऊन आलो, विरासत-ए-खालसा हे शीख इतिहासाचं म्युझियम बघायला. लिहू लिहू म्हणत राहूनच गेलं होतं. आधी कामाचं सांगतो, सोमवारी बंद असतं, तिकीट नाही, आणि आत फोटो काढू देत नाहीत, ते एक बरंच आहे, लोक निदान बघतात तरी.

बाहेरून बिल्डिंग जबरदस्त. मोशे साफ्दी नावाच्या आर्किटेक्टनं केलेली, २०११ ला उघडली, छतं स्टीलची आणि वाटीसारखी वर वळलेली. आत होडीच्या आकाराचा एक भाग आहे, तिथं अंधारात चढावरून वर वर चालत जायचं आणि भोवती अख्खा पंजाब रंगवलेला, शेतं बाजार लग्नं सगळं, उजेड सरकतो तसतसं एकेक दिसत जातं. मी तिथंच अडकलो, बायको पुढं जाऊन मला शोधत परत आली.

पुढं मात्र माझा थोडा हिरमोड झाला. सगळं मॉडेल, पडदे, लाइट-साउंड, आणि कानाला लावलेलं ते यंत्र आपण गॅलरीत शिरलो की आपोआप बोलायला लागतं. जुनी खरी वस्तू शोधावी लागते. ती बघायची तर जवळच केसगढ साहिब गुरुद्वाऱ्यात जा, १६९९ च्या बैसाखीला गुरु गोविंदसिंगांनी खालसा पंथ स्थापताना ज्यानं दीक्षेचं अमृत तयार केलं तो खंडा, म्हणजे दुधारी तलवार, तिथं आहे. मला तो एक खंडा सगळ्या लाइट-साउंडपेक्षा भारी वाटला.

पण कानातलं ऐकता ऐकता मलाच कसंतरी व्हायला लागलं. पंच प्याऱ्यांमधले, म्हणजे ते अमृत घेणाऱ्या पहिल्या पाच जणांतले, साहिबचंद बिदरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच की! शीख सेनानी बंदा बहादूर आधी गोदाकाठचा बैरागी माधोदास, गुरूंना भेटला तो नांदेडात, १७०८ ला. ग्रंथसाहिबला गुरुपद दिलं तेही नांदेडातच. आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं. मी जन्मापासून नांदेडचा. आमच्यासाठी इथला गुरुद्वारा, हजूर साहिब, म्हणजे काय, तर होळीच्या वेळच्या होला मोहल्ल्याला कुठला रस्ता बंद आहे आणि २००८ च्या गुरु-ता-गद्दीला, म्हणजे त्या गुरुपदाच्या त्रिशताब्दीला, कुठले रस्ते चकाचक झाले. बाकी शाळेत चार ओळी, त्याही परीक्षेपुरत्या. अमृतसरला जाऊन आलेले आमच्याकडं ढिगानं सापडतील, पण घराजवळचं हे तख्त, शिखांच्या पाच मुख्य पीठांपैकी एक, नीट बघितलेले किती?

बाहेर बाकावर एक वयस्कर सरदारजी बसले होते, कुठून आलात म्हणाले. नांदेड म्हटलं तर उठून हात जोडले, बायकोला हाक मारून सांगितलं, अगं हे हजूर साहिबवाले! मग मला म्हणाले, तुम्ही तर रोज मत्था टेकत असाल. मी हो म्हणालो. सरळ खोटं. बायको तोंड फिरवून हसत होती.

सचखंड एक्सप्रेसनं परत आलो, स्टेशनवरून रिक्षा केली ती थेट घरी. रविवारी जाऊ म्हणतोय. बायको म्हणते, हा तुझा तिसरा रविवार.