‘अनामित’ यांच्या कमेंटला उत्तर (बेसबॉल कार्डांच्या पोस्टवरून)

बेसबॉल कार्डांच्या मागच्या पोस्टवर ‘अनामित’ नावाने मोठी कमेंट आलीये. थोडक्यात म्हणणं असं की हा छंद नाही, जुगार आहे, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी छापलेली कार्डं आज रद्दीच्या भावात जातात तीच गत आताच्या कार्डांची होणार, सगळा धंदा एकाच कंपनीच्या हातात गेलाय, आणि शेवटी हे वाक्य: “डॉलर खिशात खुळखुळायला लागले की आपली माणसं कागदाचे तुकडेही विकत घेतात, आईबापांनी काय हाल काढले ते विसरून.” उत्तर कमेंटच्या चौकटीत मावणार नव्हतं म्हणून इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट मान्य करतो. पॅरलल, म्हणजे एकाच कार्डाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, फार झालेत. तोच खेळाडू, तोच फोटो, फक्त कडा कधी सोनेरी, कधी निळी, कधी चमकणारी, आणि प्रत्येकावर वेगळा नंबर. ह्याचा मलाही वैताग येतो. हे तुम्ही बरोबर बोललात.

पण ते शेवटचं वाक्य. बेसबॉलवर काय वाट्टेल ते बोला हो, माझ्या आईबापांपर्यंत जायचं काय कारण होतं? तुम्ही मला ओळखत नाही, त्यांना तर नाहीच नाही.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, मिरज डेपोला. तेव्हा बिग फनच्या बबलगमबरोबर क्रिकेटरांचे फोटो निघायचे आणि आमच्या गल्लीतली सगळी पोरं त्याच्यासाठी वेडी होती. घरात पैसे मोजूनच खर्च व्हायचे, पण ड्युटीवरून आले की कधीकधी वडील खाकी शर्टाच्या खिशातून एखादा फोटो काढून माझ्या हातावर ठेवायचे, कुणाकडून मागून आणलेला असायचा, कधी कोपरा दुमडलेला, आणि मला कपिल हवाय हे त्यांच्या बरोबर लक्षात असायचं. तेव्हा कागदाचा तुकडा जपून ठेवायला मला डॉलरने शिकवलेलं नाही, वडिलांनी शिकवलंय. हाल काय असतात तेही त्यांच्याकडूनच पाहिलंय, तुम्ही आठवण करून द्यायची गरज नाही.

आणि ही बेसबॉल कार्डं छापणारी टॉप्स तरी काय, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची च्युइंगमचीच कंपनी. १९५० च्या दशकात गम खपावा म्हणून कार्डं घातली, आणि पाकिटातला गम पार नव्वदच्या दशकात येऊन बंद झाला. त्यामुळे न्यू जर्सीत आल्यावर पहिलं पाकीट फोडलं तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही. ऑफिसात सगळे यांकीज ह्या न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमबद्दल बोलायचे आणि मला ओ की ठो कळायचं नाही. हा खेळ मी कार्डाची मागची बाजू वाचून शिकलो, आरबीआय (बॅटरने मिळवून दिलेल्या धावा) काय, अ‍ॅव्हरेज कसं काढतात, सगळं.

टॉप्सच्या २०१७ च्या सिरीज वनमधलं (वर्षाच्या पहिल्या सेटमधलं) यांकीजच्या अ‍ॅरन जजचं रुकी कार्ड (नवख्या खेळाडूचं पहिलं कार्ड) घ्या. मागे २०१६ ची ओळ आहे, अ‍ॅव्हरेज ०.१७९, होमरन (आपल्या सिक्सरसारखे फटके) ४. त्या सीझनला ८४ अ‍ॅट-बॅट्समध्ये (बॅटिंगच्या खेपांत) तो ४२ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला होता, म्हणजे बरोबर निम्मे. आता २०१८ चं कार्ड काढा, मागे २०१७ ची ओळ, होमरन ५२, तेव्हाचा रुकी रेकॉर्ड. पुढे २०२२ ला ६२, रॉजर मॅरिसचा १९६१ चा ६१ चा अमेरिकन लीगमधला आकडा मागे पडला. माझा मुलगा ही कार्डं बाइंडरच्या एकाच पानावर शेजारी शेजारी लावतो आणि गणितात कमी मार्क पडले की ते ०.१७९ वालं मला दाखवतो. ह्याची किंमत तुम्ही कुठल्या बाजारभावात बसवणार आहात?

जुगाराचं म्हणाल तर मी ब्रेक्समध्ये (दुसऱ्याने फोडायच्या खोक्यातला वाटा आधीच विकत घेण्यात) पैसे घालत नाही, ग्रेडिंगला (कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवून घ्यायला) कार्डं पाठवत नाही. दुकानातल्या डाइम बॉक्समधून दहा-दहा सेंटला बेस (साधी) कार्डं उचलतो आणि सेट पूर्ण करतो. २०२४ ची सिरीज वन ३५० कार्डांची आहे, ती अशीच जमवली. पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्स याचं एकमेव डेब्यू पॅच कार्ड (पहिल्या मॅचच्या जर्सीवरचा पॅच लावलेलं) २०२५ मध्ये ११ लाख डॉलरच्या वर गेलं हे तुम्ही मोठ्या आवेशात लिहिलंय, पण ते लॉस एंजेलिसच्या ११ वर्षांच्या पोराला पाकिटात सापडलं होतं, आणि पायरेट्सनी त्याच्या बदल्यात ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली होती, ते नाही लिहिलंत. अर्धीच गोष्ट सांगायची आणि वर मला शहाणपण शिकवायचं, हे बरं नाही.

रद्दीचं सगळ्यांना माहितीये, तेव्हा बेसुमार छापली म्हणून भाव पडला, त्यात नवीन काही नाही. तुम्ही म्हणता ती एकच कंपनी म्हणजे फॅनॅटिक्स, तिने २०२२ मध्ये टॉप्स विकत घेतली त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन, आज नाही.

तुमची कमेंट मी काढलेली नाही, काढणारही नाही. परत लिहायचं असेल तर स्वतःच्या नावाने लिहा, कार्डांवर वाट्टेल तेवढं भांडू. पण घरच्यांचा उल्लेख असलेली कमेंट ह्यापुढे मी छापणार नाही, कोणाचीही असो.