दोन तारे मान्य, 'कंजुषी' अर्धीच मान्य

नमस्कार,

आपण दोन तारे दिलेत आणि लिहिलंत की तीन रात्रींत टॉवेल बदलला नाही, रूममध्ये सीलबंद पाणी नव्हतं, कचरा पाहुण्यांना वेगळा करायला लावतात आणि चेकआउट सकाळी दहाचा आहे. वर शेरा: 'पर्यावरणाच्या नावाखाली कंजुषी.'

टॉवेलचं आमचं चुकलं. बाथरूममध्ये पाटी आहे: दांडीवर ठेवला तर पुन्हा वापरणार, बादलीत टाकला तर धुवायला. आपला टॉवेल खुर्चीवर होता. खुर्चीबद्दल पाटीत काहीच नाही, म्हणून रूम आवरणाऱ्या मुलाने त्याला हात लावला नाही. पाटी लावली की काम संपलं, हा पुणेरी समज आम्हालाही नडला. आता मुलं रोज सकाळी तोंडी विचारतात. धुलाई कमी झाली की खडकवासला धरणाचं पाणी वाचतं तसे आमचे पैसेही वाचतात, हे नाकारत नाही. कंजुषीतला तेवढा वाटा आमचा.

बाटल्यांचं मात्र पटत नाही. १८ रूम, रोज दोन बाटल्या धरल्या तर महिन्याला हजाराच्या वर. त्यातल्या कितीतरी अर्ध्या भरलेल्या पलंगाखाली सापडायच्या. म्हणून रूममध्ये काचेचा जग आणि प्रत्येक मजल्यावर फिल्टर. काउंटरवर हे सांगायला हवं होतं, ते राहिलं.

'पैसे देऊन कचरा निवडायचा का?' असं विचारलंत. निवडायचा नाही, फक्त ओला एका डब्यात आणि सुका दुसऱ्यात टाकायचा. निवडतात त्या 'स्वच्छ'च्या ताई. ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे. सुक्यातलं जे भंगारात विकलं जातं, ते पैसे त्यांचे. मिसळीचं पार्सल पुठ्ठ्यावर सांडलं की त्या पुठ्ठ्याला कोणी विचारत नाही, आणि रश्शातून बाटल्या वेचायच्या त्या हातानेच. आपलं 'एकाच डब्यात टाकलं तर काय बिघडतं' याचं उत्तर एवढंच.

डायपरसाठी मात्र आम्ही काहीच ठेवलं नव्हतं, ते आपण सुक्यातच टाकणार, दुसरं काय करणार! कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते वेगळं गुंडाळून द्यायचं असतं. आता त्यासाठी प्रत्येक रूममध्ये कागदी पिशव्या ठेवल्यात, आत काय आहे ते वेचणाऱ्याला कळावं म्हणून लाल ठिपक्याच्या.

टॉवेलपोटी एका रात्रीचं निम्मं भाडं आपल्या खात्यावर परत पाठवलंय.

चेकआउट दहाचाच राहील.