डोकं लहान, म्हणून सम्राट धाकटा?

नाणेसंग्राहकांच्या गटांत एक फॉरवर्ड सारखा फिरतो. चौथ्या शतकातल्या रोमन ब्राँझ नाण्यांवर मोठं डोकं म्हणजे थोरला सम्राट (ऑगस्टस), लहान डोकं म्हणजे धाकटा (सीझर). साम्राज्य ढासळलं तशी डोकीही आक्रसली, आणि थोरल्याचंच डोकं लहान दिसलं तर नाणं बनावट! नियम सोपा आहे, म्हणून फिरतो.

आधी थोरला-धाकटा. लिसिनियस हा पूर्वेचा ऑगस्टस. 317 नंतरच्या काही वर्षांत पूर्वेकडच्याच हेराक्लिआ शहराच्या टाकसाळीत पाडलेली त्याची नाणी पाहा: डोकं एवढंसं. कारण ठसा कोरणाऱ्याला तेवढ्याच वर्तुळात सम्राटाची भरजरी शाल, हातातला रुमाल, पृथ्वीगोल आणि राजदंड हे सगळं बसवायचं होतं. छाती-खांदे आले की डोक्याची जागा जाते. त्याच टाकसाळीने पश्चिमेच्या ऑगस्टसला, कॉन्स्टंटाइनलाही याच थाटात आणि याच मापात कोरलं. तो काय कुणाचा सीझर होता? पश्चिमेकडे ट्रीरच्या टाकसाळीतल्या नाण्यांवर त्याचंच डोकं चांगलं भरदार आहे.

पद डोक्यावरून नाही, अक्षरांवरून कळतं. नावापुढे ऑगस्टसचं संक्षिप्त रूप आहे की ‘नोबिलिसिमस सीझर’चं, ते वाचायचं. कॉन्स्टंटाइनचा मुलगा दुसरा कॉन्स्टंटाइन 317 मध्ये सीझर झाला तेव्हा अगदी तान्हा होता. नाण्यावर मात्र चांगला मुलगा दिसतो. चेहऱ्यावर विसंबायचं ते किती!

साम्राज्याबरोबर डोकी आक्रसली म्हणावं, तर आक्रसली ती नाणीच. 294 च्या सुमारास सम्राट डायोक्लेशियनने काढलेलं मोठं ब्राँझ नाणं साधारण 10 ग्रॅमचं होतं. 336 नंतरच्या काही वर्षांतली नाणी 2 ग्रॅमही भरत नाहीत. चकतीच बारीक, मग डोकं कुठून मोठं येणार? उलट पुढे जेमतेम वीस महिने एकट्याने राज्य केलेल्या सम्राट जुलियनचं बैलाच्या चित्राचं नाणं 8 ग्रॅमच्या घरातलं. या हिशेबाने तो कॉन्स्टंटाइनच्याही वरचढ ठरायचा.

राहिली बनावट. यात तथ्याचा एक कण आहे: खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना किंचित आकसते. पण मग अक्षरं, मण्यांची कड, मागची बाजू, सगळंच आकसतं. एकटं डोकं नव्हे. त्यापेक्षा कडेवर सांध्याची रेघ आणि पृष्ठावर हवेचे बारीक खड्डे शोधा, वजन करा. हेराक्लिआचा लिसिनियस लहान डोक्यापायी कुणी भंगारात काढत असेल, तर आधी मला कळवा.