टेकडी, ओढा, नदी: फायली वेगळ्या, पाणी एकच

पुण्यात एखादा रस्ता, सीमाभिंत किंवा टेकडीवरचा प्रकल्प आला की आपण त्या कामापुरतं भांडतो. भांडायलाच हवं. पण माझं दुखणं त्याच्या आधीचं आहे. टेकडीचा विचार एका खात्यात होतो, ओढ्याचा दुसऱ्या, धरणाचा आणि पूररेषेचा जलसंपदा खात्यात, झाडांचा वृक्ष प्राधिकरणात. प्रत्येक फाइल आपापल्या जागी नियमात बसते. सगळ्या फायली एका टेबलावर ठेवून ‘पाऊस पडल्यावर काय होईल?’ असं विचारणारं कुणी नसतं.

आंबिल ओढा घ्या. कात्रजच्या डोंगरातून निघतो, कात्रज तलाव, धनकवडी, अरण्येश्वर, सहकारनगर करत दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याने सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, गाड्या एकमेकींवर चढवल्या, झोपलेल्या वस्त्यांत पाणी घुसवलं. त्या पावसात शहर-परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. नंतर चर्चा कशाची झाली? भिंतीची उंची, कल्व्हर्टची रुंदी, अतिक्रमणं. हे सगळं खरंच महत्त्वाचं आहे, पण ते खालचं टोक झालं. वरच्या उतारांवर जेसीबी फिरला, सपाटीकरण झालं, छोट्या नाळी राडारोड्याने बुजल्या, तर खाली भिंत कितीही उंच बांधा, पाणी येणारच. २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ फोडलेल्या डोंगरावरून लोंढा थेट महामार्गावर आला आणि मायलेकी वाहून गेल्या. त्यानंतर तरी उतार आणि ओढा एकत्र बघायला हवे होते.

पावसाळ्यात वेताळ टेकडीवर जाल तेव्हा एवढंच बघा. जिथे गवत शाबूत आहे तिथून झिरपणारं पाणी निवळशंख असतं. जिथे माती उघडी पडली आहे तिथून चहाच्या रंगाचा लोट खाली धावतो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरतं ते भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून, तेही हळूहळू. गवत त्याला थांबायला वेळ देतं. म्हणूनच टेकड्यांवर गिरिपुष्प या परदेशी झाडाची दाट लागवड करून ‘हिरवाई वाढली’ म्हणणं मला पटत नाही. या टेकड्या मुळात गवताच्या आणि विरळ पानझडी झाडीच्या: सालई, मोई, गणेर. चंडोल आणि तित्तिर त्या गवतावर जगतात. झाडांचा आकडा वाढला म्हणजे टेकडी सुधारली असं होत नाही. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात दुसरीकडे रोपं लावता येतील, पण तिथला मुरणारा उतार दुसरीकडे कसा लावणार?

जगात हा विचार नवा नाही. १९९२ च्या जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी २००० मध्ये नैरोबीत परिसंस्थाधारित दृष्टिकोनाची, म्हणजे जमीन, पाणी आणि जीवसृष्टी सुटी न बघता एकत्र सांभाळण्याची, १२ तत्त्वं स्वीकारली. भारतही त्या करारात आहे. त्यातली तीन पुण्यासाठीच लिहिल्यासारखी वाटतात. शेजारच्या परिसंस्थांवर काय परिणाम होईल ते आधी बघा. निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर घ्या. आणि शास्त्रीय माहितीइतकीच स्थानिक लोकांची माहितीही धरा. ओढ्याकाठच्या वस्तीतल्या आजींना पाणी कुठून कुठे फिरतं हे नकाशापेक्षा नेमकं माहीत असतं. त्यांना विचारलं जातं ते पंचनाम्याच्या वेळी.

‘मग शहर वाढायचंच नाही का?’ हा प्रश्न दरवेळी येतो. वाढू दे. घरं लागणार, रस्ते लागणार. ते कुठे आणि किती, हे वॉर्डाच्या हद्दीवर न ठरता पाणलोटावर, म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी एकाच ओढ्याला येतं त्या भागावर, ठरावं, एवढीच मागणी आहे. नाहीतर प्रत्येक प्रकल्प एकेकटा निर्दोष ठरतो आणि सगळ्यांचा मिळून झालेला परिणाम कुणाच्याच नावावर लागत नाही.

म्हणून कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंतच्या सोसायट्या आणि वस्त्या, दोघांनाही विनंती: यंदा भिंतीसाठी वेगवेगळे अर्ज देण्याऐवजी मिळून एकच द्या. त्यात महापालिकेला सांगा: आंबिल ओढ्याच्या पूर्ण पाणलोटाचा एक नकाशा करा, त्यावर उतार, नाळी, विहिरी, झरे, बांधकामं सगळं दाखवा, तो वॉर्ड ऑफिसात लावा, आणि त्या पाणलोटातली कुठलीही परवानगी तो नकाशा समोर ठेवूनच द्या. मसुदा लिहायला मी बसायला तयार आहे. सोबत येणाऱ्यांनी कमेंटमध्ये आपला भाग लिहा.