पुस्तकातून काय काढलं, हे कुणी का विचारत नाही?

लेखकांच्या मुलाखती मी आवडीने ऐकते. पण बहुतेक मुलाखती 'हे तुम्हाला सुचलं कसं?' इथून सुरू होतात आणि 'सध्या नवीन काय चाललंय?' इथे संपतात. अधेमधे बालपण, वाचन, पुरस्कार. ज्या पुस्तकासाठी हा सगळा घाट घातला, त्यावर कुणी काय काम केलं, हे शेवटपर्यंत कळत नाही. संपादक तर तिथे नसतोच. आणि छोट्या प्रकाशकाला कधी बोलावलंच, तर त्याच्या वाट्याला ठरलेला प्रश्न: हल्ली पुस्तकं खपतात का हो?

गेली काही वर्षं मी स्वतंत्र प्रकाशक, संपादक आणि लेखकांशी जमेल तेव्हा निव्वळ कामाबद्दल बोलत आलेय. साहित्याविषयीचं सगळ्यात सकस बोलणं मला तिथेच ऐकायला मिळालं, चर्चासत्रांत नाही.

एका प्रकाशिकेने सांगितलेली गोष्ट. एका कादंबरीची पानं लागली १६३. पुस्तक छापलं जाणार होतं सोळा पानी फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र छापून त्याची घडी घालायची. दहा फॉर्मची १६० पानं होतात, म्हणजे वरच्या तीन पानांसाठी अकरावा फॉर्म, आणि त्यातली तेरा पानं कोरी. टाइप थोडा बारीक केला असता तर प्रश्न मिटला असता. तिने तसं न करता लेखकाला फोन केला. "तीन पानं निघतात का बघा. नाही निघाली तर अकरावा फॉर्म घेऊ, पण एकदा त्या नजरेने वाचा." लेखकाने पाच पानं काढून दिली. शेवटच्या प्रकरणात नायिका घर सोडून जाते. त्यानंतर ती का गेली याचा खुलासा होता, तो सगळा गेला. बोलणं निघालं होतं कागदाच्या हिशेबावरून आणि पोचलं कादंबरी नेमकी कुठे संपते या प्रश्नापाशी. पैशाचं बोलणं वेगळं आणि साहित्याचं वेगळं, असं मानणाऱ्यांनी अशा लोकांशी एकदा तरी बोलावं.

इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वूल्फ आणि त्यांचे पती लिओनार्ड यांनी 1917 मध्ये एका छोट्या हातयंत्रावर होगार्थ प्रेस ही प्रकाशनसंस्था सुरू केली. दुसऱ्याच वर्षी त्यांच्याकडे आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' या कादंबरीचा मजकूर आला आणि त्यांनी तो नाकारला. वूल्फबाईंना ते लिखाण फारसं रुचलं नव्हतं, हे खरंच. पण एवढं मोठं पुस्तक एकेका अक्षराचा धातूचा खिळा हाताने लावून जुळवायला त्यांना दोन वर्षं लागली असती, हेही तितकंच खरं. नकाराच्या पत्रात त्यांनी तेच कारण दिलं. स्वतःच्या बोटांनी खिळे जुळवणाऱ्या लेखिकेला पानाचं वजन कळत होतं.

कामाबद्दल विचारता येतं, आणि लेखक त्याची उत्तरंही देतात. 'पॅरिस रिव्ह्यू' या इंग्रजी साहित्यिक नियतकालिकाच्या 1953 मधल्या पहिल्याच अंकात इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत होती. तीत त्यांना त्यांच्या एका अर्धवट राहिलेल्या कादंबरीबद्दल विचारलं होतं: ती पुरी का झाली नाही? किती साधा प्रश्न! पण असा प्रश्न विचारायला समोरच्याचं लिखाण वाचलेलं असावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं.

संपादकांचा विषय जरा नाजूक आहे. आपल्याकडे 'सत्यकथा' मासिकाच्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचं नाव निघालं की हस्तलिखितावर ते घेत असलेल्या मेहनतीबद्दल आदराने बोललं जातं. तो आदर योग्यच आहे. पण संपादकाचा हात किती चालावा, हा प्रश्न आदराने सुटत नाही. अमेरिकन संपादक गॉर्डन लिश यांनी कथाकार रेमंड कार्व्हरच्या 1981 च्या संग्रहातल्या काही कथा निम्म्याहून जास्त कापल्या. जुलै 1980 मध्ये कार्व्हरने त्यांना पत्र लिहून अक्षरशः विनवलं की हे पुस्तक थांबवा. पुस्तक निघालं, गाजलं, आणि ज्या काटेकोर शैलीसाठी तो नावाजला गेला तिच्यात लिश यांच्या कात्रीचा वाटा मोठा होता. मला विचाराल तर काही कथा कापल्यामुळे उजळल्या. तरीही ती कात्री चुकीची होती, कारण लेखक नको म्हणत होता. त्या प्रकाशिकेचा फोन मला मोलाचा वाटतो तो यासाठीच: काय काढायचं ते लेखकाने ठरवलं, आणि नाही म्हणायची मोकळीक त्याला आधीच दिलेली होती.

कार्व्हरचं हे प्रकरण आज नीट तपासता येतं, कारण लिश यांचे कागद इंडियाना विद्यापीठाच्या लिली लायब्ररीत जपलेले आहेत. मूळ कथा 2009 मध्ये छापूनही आल्या. आता आपलं संपादन चालतं फोनवर आणि फाइलीत. दुरुस्ती स्वीकारली की आधीचं वाक्य कायमचं गेलं. माझ्या ओळखीत जे प्रकाशक, संपादक, लेखक आहेत त्यांना कळकळीची विनंती: पहिला खर्डा आणि शेवटची प्रत वेगवेगळ्या नावांनी ठेवा, समासातल्या सूचना पुसू नका, आणि लेखकाची हरकत नसेल तर पुस्तक आल्यावर त्याबद्दल मोकळेपणाने बोला. ऐकायला मी येईन.