डायपर रॅशवरचा तो ‘रामबाण’ मेसेज: मुद्द्यामागून मुद्दा

नव्या आईबाबांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डायपर रॅश हा डायपरमधल्या विषारी जेलमुळे होतो, म्हणून डायपर कायमचा बंद करा आणि कापडी लंगोट वापरा. दर वेळी अँटिसेप्टिक साबणाने धुवा. भरपूर पावडर टाका, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बसवा. तरीही गेला नाही तर फंगसचं कुठलंही मलम लावा, दोन दिवसांत साफ.

आधी जेल. ते सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट असतं. शू शोषून धरायची आणि त्वचा कोरडी ठेवायची, एवढंच त्याचं काम. रॅशचं मूळ वेगळीकडे आहे. ओलाव्याने त्वचा फुगून नाजूक होते आणि घासली जाते. त्यात शू आणि शी एकत्र आली की शीतल्या जिवाणूंचं युरिएज हे एन्झाइम शूतल्या युरियापासून अमोनिया तयार करतं. मग त्वचेची नैसर्गिक आम्लता कमी होते आणि शीतली पाचक एन्झाइम्स जोमाने काम करू लागतात. प्रथिनं आणि चरबी तोडणं हेच त्यांचं काम, आणि इथे त्यांच्यासमोर असते बाळाची त्वचा. जुलाब सुरू झाले की एका दिवसात ढुंगण लालेलाल होतं ते यामुळेच. ओला लंगोट तासभर तसाच राहिला तर कापडातही हेच घडतं. तेव्हा कापड की डायपर हा वाद मला गौण वाटतो. किती लवकर बदलता, हे महत्त्वाचं. डायपरमधल्या एखाद्या घटकाची खरी अ‍ॅलर्जी असू शकते, पण ती क्वचित, आणि बहुधा कमरेवर, मांड्यांच्या कडेला, जिथे इलॅस्टिक किंवा चिकटपट्टी टेकते तिथे दिसते.

अँटिसेप्टिक साबणाची गरज नाही. उलट त्याने त्वचा आणखी कोरडी पडते आणि चुरचुरते. कोमट पाणी, मऊ कापड, आणि पुसताना घासायचं नाही, टिपायचं. वाइप्स वापरायचेच असतील तर सुगंध आणि अल्कोहोल नसलेले.

पावडर आणि सोड्याला मात्र लोक फारच निरुपद्रवी समजतात. टाल्कम पावडरचे बारीक कण बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जाऊ शकतात, म्हणून बालरोगतज्ज्ञ ती नकोच म्हणतात. सोलवटलेली त्वचा वरून लावलेलं बरंच काही शरीरात आत घेते, हाही धोका आहे. 1972 साली फ्रान्समध्ये एका बेबी पावडरमध्ये चुकून हेक्साक्लोरोफिन हे जंतुनाशक मोठ्या प्रमाणात मिसळलं गेलं आणि 36 मुलं दगावली. त्याआधी बोरिक पावडर लंगोटात सर्रास टाकत, आणि तिच्या विषबाधेनेही बाळं गेली आहेत. सोड्याचंही तसंच. रॅशवर सोडा लावत राहिल्याने बाळाच्या रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल बिघडल्याची नोंद 1981 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हे ‘नैसर्गिक’ म्हणून खपवलंय.

आता ‘कुठलंही मलम’. मेसेजमधला हा सगळ्यात घातक सल्ला. बुरशीचा रॅश असतो, नाही असं नाही. तो जांघेच्या घड्यांमध्येही शिरतो (साधा रॅश घड्या बहुधा सोडतो), गडद लाल असतो आणि कडेला सुटे सुटे बारीक पुरळ दिसतात. बाळाला अँटिबायोटिक चालू असेल तर शक्यता वाढते. त्यावर डॉक्टर क्लोट्रिमाझोल किंवा निस्टॅटिनसारखं औषध देतात. पण फंगसची म्हणून मिळणाऱ्या काही ट्यूबांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं तीव्र स्टेरॉइडही असतं. त्याने लाली झटपट उतरते, म्हणून तर ‘दोन दिवसांत साफ’चे अनुभव येतात. वर घट्ट डायपर असल्याने औषध नेहमीपेक्षा जास्त आत शोषलं जातं. बुरशी दबा धरून वाढते, त्वचा पातळ होते, आणि वापर लांबला तर शरीरात स्वतःहून तयार होणाऱ्या स्टेरॉइडवरही परिणाम होतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. या स्टेरॉइडची नावं दिसली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

साध्या रॅशला लागतं ते झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेली, आणि तीही हात आखडता न घेता, जाड थर देऊन. पुढच्या वेळी वरची घाण तेवढी हलक्या हाताने काढायची. खालचा थर खरवडून काढण्याचा अट्टहास नको. दिवसातून थोडा वेळ बाळाला उघडं ठेवायचं. शी झाली की लगेच बदलायचं, रात्र असली तरी. सौम्य रॅश एवढ्यावर दोन-तीन दिवसांत उतरू लागतो, आणि मग त्या दिवसांत जे काही लावलं असेल त्याला श्रेय मिळतं.

एवढं करूनही उतरला नाही, फोड, पू किंवा जखमा दिसल्या, ताप आला, तर बाळाला डॉक्टरांकडे न्या. शीच्या जागेभोवती ठळक कडेची लाल चकती आणि शी करताना रडणं हा स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संसर्ग असू शकतो, त्याला अँटिबायोटिक लागतं. आणि रॅश लंगोटाच्या जागेबरोबरच तोंडाभोवती, हातापायांवरही असेल तर झिंकची कमतरता तपासावी लागते.